शनिवारची सफरचंदं

"मनोरमाबेन, बघा ना, पाछी पिशवी आली, या शनिवारीपण. मी एकटी बाई, दात असे हलतात. एवढ्या सफरचंदांचं काय करू?"

हंसाबेन पिशवी धरून दारात उभ्या होत्या. मनोरमाबाईंनी कढई आधीच घासून ओट्यावर ठेवली होती.

"आत या. विळी घेते."

गिरगावच्या चाळीत मनोरमाबाईंचं दार दिवसभर उघडं असायचं. मिस्टर गेल्यावर त्या मीरा रोडला शांती नगरच्या या ब्लॉकमध्ये आल्या आणि दार लावून बसायला शिकल्या. मूलबाळ नव्हतं. पेन्शन होती, रेडिओ होता. समोरच्या हंसाबेनशी जिन्यात भेट झाली तर हसायचं, एवढीच ओळख. ती वाढली या सफरचंदांमुळे.

गेल्या वर्षी एका शनिवारी कोपऱ्यावरच्या नाथा फळवाल्यानं पहिली पिशवी हंसाबेनकडे आणून दिली. म्हणाला, "सुरतहून तुमच्या दिपेशभाईंचा फोन होता. दर आठवड्याला पोचवायला सांगितलंय. पण फोनवर विषय काढू नका म्हणाले."

सूनबाईंच्या नकळत पाठवत असणार, हे हंसाबेन समजल्या. दिवाळीलाही न फिरकलेला मुलगा. त्यांनी पिशवी देवापुढे ठेवली, डोळे पुसले, आणि मग मनोरमाबाईंची बेल वाजवली. कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं.

तेव्हापासून शनिवारची दुपार दोघींची झाली. मनोरमाबाई एकेक फळ दाबून बघायच्या. चांगली कागदात गुंडाळून टोपलीत, डागाळलेली आधी चिरायची.

"बटाट्यांजवळ ठेवू नका हां. आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाका, काळ्या पडत नाहीत."

कधी लवंग घालून मुरांबा, कधी दह्यातली कोशिंबीर, कधी शिरा. हंसाबेननी एकदा किसून साखर-तिखटाचा गुजराती छुंदो केला. मग चहा. बोलणं बहुतेक दिपेशचंच. लहानपणी तो कसा पदर धरून झोपायचा, ही गोष्ट मनोरमाबाईंनी कितीदा तरी ऐकली होती, तरी दर वेळी त्या विचारायच्या, "मग?"

चहाच्या दोन कपबश्या विसळायला घेतल्या की मात्र घर पुन्हा रिकामं व्हायचं. पुढच्या शनिवारपर्यंत.

आज हंसाबेन सालं काढता काढता म्हणाल्या, "मी सुरतला जाते. कायमची."

विळीवरचा हात थांबला. "दिपेशला विचारलंत?"

"आईनं काय विचारायचं? एवढी माया करतो छोकरा, आणि मी इथं भिंती बघत बसते."

"तरी पण... थोडे दिवस थांबून बघा. सूनबाईंचं काय म्हणणं असेल..."

"तो मला विसरला म्हणून मी रोज रडायची, बेन. आता नाही रडत." हंसाबेन जरा थांबल्या. "तुम्हाला नाही समजणार. तुम्हाला छोकरा नाही."

मनोरमाबाईंनी उरलेली सगळी सफरचंदं किसून टाकली. पाक दोनतारी होईपर्यंत त्या गॅसपाशीच उभ्या होत्या. गार झालेला मुरांबा त्यांनी बरणीत भरला, तोंडाला फडकं बांधलं. "वाटेत सांडायचा नाही."

मंगळवारी सकाळी रिक्षा आली. हंसाबेननी दिपेशचा फोन नंबर त्यांच्या हातात दिला. "कधी तरी बोला हां, बेन."

"बोलेन ना."

रिक्षा वळेपर्यंत मनोरमाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. वर गेल्या नाहीत. चपला पायात होत्याच, त्या सरळ एसटीडी बूथवर गेल्या. बराच वेळ रिंग वाजली.

"कोण?" पुरुषाचा आवाज.

"मीरा रोडहून बोलतेय. तुमच्या आईची शेजारीण. त्या तुमच्याकडे राहायला निघाल्यात. संध्याकाळी पोचतील."

"अशा अचानक? कशाला?"

मनोरमाबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"दिपेशभाई, नीट ऐका. गेलं वर्षभर दर शनिवारी मी तुमच्या नावानं त्यांना सफरचंदं पाठवत होते. त्यांनी कधी विचारलं, तर नुसतं हो म्हणा."