हक्काची भेट

न्यायाधीशांच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी तेवढं दर तारखेला बदललेलं असायचं. ताईच्या अर्जावर मात्र पुढची तारीखच पडायची. तिच्या धाकट्या भावाला आरोपही न सांगता डांबलं होतं, आणि जेलर त्याला वकील काही भेटू देत नव्हता.

"त्याची काही तक्रारच नाही, साहेब. असती तर बोलला नसता?" सरकारी वकील आजही म्हणाला.

"बोलणार कुणाशी, भिंतीशी?" ताई उसळली.

साहेबांनी सावकाश चष्मा पुसला, घसा खाकरला आणि एकदाचा निकाल सुनावला.



"वकिलाची भेट हा कैद्याचा हक्कच आहे. ती हवी असल्यास त्याने आपल्या वकिलाच्या हाती तसा लेखी अर्ज पाठवावा."