चांगल्या हवेची चाळ

संचिता त्या दिवशी न कळवता गेली, म्हणून तिला ते दिसलं. मंजुळाच्या खिडकीला बांधलेलं हवा मोजायचं मशीन कव्हरात होतं. चांगलं जाड रेक्झिनचं, निळं, फुलाफुलांचं, बाजूला चेन लावलेलं. मिक्सरला घालतात ना, तसं.

"हे काय आहे?" तिने दारातूनच विचारलं.

मंजुळा ब्लाउजना हुक लावत बसली होती. "अगं बाई! मॅडम, आज कशा काय? फोन तरी करायचा!" म्हणत ती उठली आणि तिने घाईघाईने कव्हर काढलं. पाहुणे आले की टीव्हीवरचं काढतात, त्याच घाईने. "मीच शिवलंय. बरं झालंय ना?"

संचिता ठाण्याच्या कॉलेजात शिकत होती आणि एका संस्थेत इंटर्नशिप करत होती. डोंबिवलीत कारखान्यांच्या मागच्या वस्त्यांमध्ये ही मशीनं लावायची, लोकांना चार गोष्टी समजावायच्या, फोनवर येणारे आकडे सरांना द्यायचे, एवढंच तिचं काम. पण मंजुळाच्या चाळीला त्या आकड्यांशी काय देणंघेणं? चाळ वाट बघत होती ती गाडीची. ज्या तीन वस्त्यांची हवा सगळ्यात वाईट निघेल, तिथे वर्षभर दर आठवड्याला डॉक्टरांची गाडी येणार होती. तपासणी फुकट, दम्याचे पंपही फुकट. मंजुळाची सहा वर्षांची दर्शना रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. पंप संपला की मंजुळा तो रिकामाच हलवून बघायची.

"कधीपासून घालताय हे?"

"पहिल्यापासून. सारखं नाही हां! वास सुटला की घालते, गेला की काढते. तुम्हीच बोललेलात ना, महागाचं आहे, जिवापाड जपा म्हणून? आमच्या पत्र्यांना त्या वासाने भोकं पडतात हो. ते तर बिचारं नाजूक."

बोललेली संचिताच. दुसऱ्या एका वस्तीतलं मशीन चोरीला गेलं म्हणून सरांनी सगळीकडे तसं बोलायला लावलेलं. मशीनला घाण हवा लागू द्यायची असते, हे सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतकं उघड कोण कशाला सांगेल?

"मंजुळाताई, अहो, वास येतो तेव्हाचीच तर हवा मोजायची होती!"

मंजुळा आधी हसली. मग कव्हर हातात तसंच धरून म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे तुमची हवा चांगली निघाली. सगळ्या वस्त्यांमध्ये सगळ्यात चांगली. गाडी तुमच्याकडे येणार नाही. तेच सांगायला आले होते. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही."

गल्लीत वास होताच. शिरतानाच संचिताचा घसा खवखवायला लागला होता. आता कव्हर निघालं तसा तिच्या फोनवर या चाळीचा आकडा भराभर चढायला लागला. तिने उभ्या उभ्या विनीत सरांना फोन लावला. खोली ती केवढी, पलीकडचा शब्दन् शब्द मंजुळाला ऐकू येत होता.

सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रिपोर्ट सकाळीच गेला गं," ते म्हणाले. "आता एक मशीन झाकलेलं होतं म्हणून कळवलं, तर पैसे देणारे विचारणार, बाकीची कशावरून उघडी होती? त्या तीन वस्त्यांची गाडीपण जाईल."

"सर, इथे लहान मुलगी आहे. श्वास लागतो तिला."

"तिथेपण आहेत."

"मग परत मोजूया ना, सर. पंधरा दिवस. मी येते रोज."

"मशीन उद्या कल्याणला द्यायचंय. आणि तुझीपण इंटर्नशिप संपली आज. सर्टिफिकेट तयार आहे, जाताना घेऊन जा."

संचिताने फोन ठेवला. ओरडावं तरी कुणावर? मंजुळा तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. "वाटोळं केलं मी सगळ्या चाळीचं," एवढंच म्हणत राहिली. संचितालाही रडू येत होतं, पण तिने मशीनच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

तेवढ्यात शेजारची रंगूबाई आली. सत्तरीची बाई, दोन घरांचं अंतर चालून आली तरी छातीवर हात. "आलीस का पोरी? गाडी कुठल्या वारी येणार ते सांगून ठेव. मी त्या दिवशी कुठं जायची नाही."

मंजुळाने डोळे पुसले आणि रंगूबाईच्या पाठीमागून संचितासमोर हात जोडले, कव्हरचं सांगू नका म्हणून. तिला या चाळीतच राहायचं होतं.

"गाडी नाही येणार, आजी," संचिता म्हणाली. "इथली हवा चांगली आलीय."

"चांगली?"

"हो. मशीनमध्ये तसंच आलंय."

आता ही शिव्या घालणार, असं संचिताला वाटलं. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण रंगूबाई खाली बसली, दम खाल्ला, आणि मग मशीनच्या त्या पांढऱ्या डब्याकडे बघून मान हलवली.

"एवढी शिकलेली माणसं सांगतात म्हणजे खरंच असणार. आपण उगाच इतकी वर्षं हवेला नावं ठेवली." तिने आतल्या खोलीत खोकणाऱ्या दर्शनाकडे पाहिलं. "मंजुळे, खोट आपल्याच छातीत आहे. माझ्या, आणि तुझ्या पोरीच्या."

"हो, मावशी," मंजुळा म्हणाली. "तसंच असणार."