निर्दोष मिशी

वस्तरा मिशीपर्यंत आला आणि दारिंकाच्या हातातला आरसा हलला.

"नीट धर," रादिसाव म्हणाला. "मिशी उतरवायची आहे, नाक नाही."

गोलिया डोंगराखालच्या त्या गावात लोक रादिसावच्या मिशीची शपथ घेत. लष्करात साहेबाशी हुज्जत घालून त्याने ती वाचवली होती. लग्नाच्या फोटोत नवरीच्या आधी तीच डोळ्यांत भरायची. आज तो स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून स्वतःच्या हाताने तिला निरोप देत होता. मिशी निर्दोष होती. त्याच्या बायकोला, दारिंकाला, हे पक्कं ठाऊक होतं, तरी ती आरसा धरून बसली होती.

सगळं नातीसाठी चाललं होतं. नेदा सात महिन्यांची. थंडी पडल्यापासून तिचे ओठ फाटत होते. आधी सालपटं निघाली, मग भेगा पडल्या. आता तर दूध ओढता ओढता ती मध्येच तोंड सोडून कळवळून रडायची. शेजारणींनी समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार येणाऱ्या वाऱ्याला दोष दिला. आमच्याकडे गुडघेदुखीपासून घटस्फोटापर्यंत सगळं त्या वाऱ्यानेच होतं. सून तियाना मात्र डोक्याने चालणारी. हवा कोरडी पडू नये म्हणून तिने शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. लाळ पुसायची नाही, मऊ फडक्याने हलकेच टिपायची, असा घरात हुकूम काढला. बाहेर नेण्याआधी मलम, झोपवताना मलम. तरी गुण येईना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलम चांगलंच आहे. पण काहीतरी हिच्या ओठांना घासतंय, नाहीतर काहीतरी हिला ओठ चाटायला लावतंय. लाळ वाळली की ओठ जास्तच फाटतात. घरात शोधा."

घरी आल्यावर सगळ्यांनी आजोबांच्या मिशीकडे पाहिलं. रोज सकाळी नातीचा पापा घेतल्याशिवाय ते कॉफीला हात लावत नसत.

"बाबा, राग मानू नका," तियाना म्हणाली, "पण रविवारपर्यंत ओठ बरे झाले नाहीत, तर मी नेदाला घेऊन क्राल्येवोला आईकडे जाते. बर्फ वितळल्यावरच येईन."

खरा गुन्हा घडत होता तो रोज पहाटे. तियाना लाकडं आणायला बाहेर गेली की दारिंका कपाट उघडायची, गुलाबपाकळ्यांच्या स्लात्कोत, म्हणजे पाकातल्या मुरंब्यात, बोट बुडवायची आणि नेदाच्या ओठांवरून फिरवायची. आमच्यात दारात आलेल्या माणसाला आधी चमचाभर स्लात्को आणि पेलाभर पाणी, मगच 'का आलास' हे विचारायचं. विजेचं मीटर बघायला आलेलाही त्यातून सुटत नाही. मग जगात नव्यानेच आलेल्या पाहुणीला कोरडं ठेवायचं? दारिंकाच्या सासूने तिच्या मुलांना असंच चाटवलं होतं. पोराची वाणी गोड होते म्हणे. वाणीचं पुढचं पुढे, पण नेदा दुपारपर्यंत मिटक्या मारत ओठ चाटत राहायची. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून दारिंकाच्या मनात पाल चुकचुकली होती. पण एवढ्याशा गोडाने काय होतंय, अशी स्वतःची समजूत घालून तिने आज पहाटेही बोट फिरवलंच होतं.

आणि आता तिच्या डोळ्यांदेखत चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती. तिने खरं सांगितलं असतं, तर तियाना आजच पोरगी उचलून निघाली असती, आणि परत आल्यावरही नेदाला पुन्हा आजीपाशी एकटी सोडली नसती. दारिंकाने आरसा घट्ट धरला. मिशी गेली.

नेदाने तो बोडका चेहरा पाहून भोकाड पसरलं. चौकातल्या खानावळीत दोस्तांनी विचारलं, "काय रे बाळ, शाळा चुकवून आलास?" रादिसाव त्यांच्याबरोबर हसला, पण नेहमीपेक्षा लवकर घरी आला. जेवताना त्याचा हात सवयीने पीळ द्यायला वर जायचा आणि नुसत्या कातडीवर अडायचा. ते पाहून दारिंका ताटावरून उठली. तिने स्लात्कोची बरणीच शेजारणीला देऊन टाकली.

आठवडा संपत आला तशा भेगा भरून आल्या. रविवारी नेदाचे ओठ साईसारखे मऊ झाले होते. पोटभर दूध पिऊन ती आजोबांच्या हनुवटीवर लाथा झाडत होती. तियानाने भरलेली बॅग रिकामी केली आणि सासऱ्याच्या गळ्यातच पडली. "बघा बाबा, मिशीच होती की नाही!"

"मिशीच ती, दुसरं कोण!" रादिसाव म्हणाला आणि लाकडं फोडायला अंगणात गेला.

दारिंका त्याच्या मागोमाग गेली. आता तिला राहवेना.

"म्हाताऱ्या, मिशी नव्हती रे. मी होते." तिने सगळं सांगून टाकलं, बोट, बरणी, आणि आरसा धरून गप्प बसली तेही. मग आभाळ कोसळायची वाट पाहत उभी राहिली.

रादिसावने आधी हातातलं लाकूड फोडून घेतलं. "ठाऊक आहे. रोज पापा घेतला की माझ्या मिशीला गुलाबाचा पाक लागायचा."

"अरे देवा! मग मला बोलला का नाहीस? ती बिचारी कशाला उतरवलीस?"

"बोललो असतो तर तू भांडली असतीस, आणि बोट फिरवतच राहिली असतीस," तो म्हणाला. "माझी मिशी गेलेली मात्र तुला बघवणार नाही, एवढी खात्री होती मला."