टर्न म्हणजे

लेकीनं वही उघडली आणि पेनाचं टोपण दातात धरलं. "सांगा बाबा. सावकाश सांगा, मी लिहून घेते."

खाली गाडी येऊन उभी होती. स्ट्रेचर घेऊन येणारी दोन माणसं अजून वर यायची होती.

आठ महिन्यांपूर्वी आईचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. उरला तो एकच शब्द. दवाखान्यात नर्सबाई दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायच्या आणि वळवताना एकमेकींना म्हणायच्या, "टर्न." तो तिच्या जिभेवर बसला. शाळेची पायरी न चढलेली बाई, आणि शिल्लक राहिला तो इंग्रजी शब्द.

म्हातारा जन्मभर कारखान्यात टर्नर होता. लेथवर लोखंड फिरवण्यात त्याची हयात गेली. "चाळीस वर्षं माझ्या कामाला नावं ठेवलीस, आता बस त्याचंच नाव घेत," असं तो तिला म्हणायचा, तेव्हा तिच्या तोंडाची डावी बाजू हसायची.

"खालच्या आवाजात, तुटक म्हणाली की पाणी," तो सांगू लागला. "लागोपाठ दोनदा म्हणाली की कूस बदलायची. लांबवून म्हणाली तर, दारात कोण आलंय ते विचारते."

"आणि दुखत असलं तर?"

"दुखताना ती बोलत नाही. कपाळाकडे बघायचं."

लेकीनं लिहिलं.

"कधीकधी अगदी पुटपुटते. म्हणजे चादर ओली झालेली असते. तेव्हा काय झालं, काय झालं करायचं नाही. खोलीतल्या माणसांना आधी बाहेर काढायचं."

"आणि चिडली की?"

"ते सांगायला नको. लहानपणी पुष्कळ ऐकलंयस."

लेक हसली. आई पलंगावरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "टर्न," ती म्हणाली.

"पाणी ना?" लेकीनं लगेच विचारलं.

"नाही. मी इथे असताना माझ्याबद्दल बोलू नका, म्हणते."

पेन थांबलं. "हे कसं ओळखायचं?"

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "ते राहू दे. ते नको लिहूस."

गेल्या सोमवारी तिला उचलून खुर्चीत बसवताना त्याच्या पाठीत कळ आली आणि दोघंही खाली कोसळली. शेजारीण डोकावेपर्यंत पलंग आणि भिंतीच्या मधे दोन तास पडून होती. तेवढा वेळ त्यानं तिचं डोकं फरशीला लागू दिलं नाही, आपल्या दंडावर धरून ठेवलं. पण लेक आली ती ठरवूनच आली. आता तुमच्यानं होणार नाही बाबा, आईला मी माझ्याकडे नेते, म्हणाली. तिचं घर दोन खोल्यांचं, त्यात सासूबाई. तुम्हीही चला, असं ती म्हणाली नाही. तिला ते म्हणता येण्यासारखं नव्हतं, हे त्याला कळत होतं, म्हणून त्यानंही विषय काढला नाही.

माणसं वर आली. "उजव्या खांद्याला ओढू नका," तो सांगत राहिला. "श्वास सोडू द्या तिला, मग उचला." जिना उतरताना तो त्यांच्या मागे एकेक पायरी कठडा धरून उतरला.

गाडीत लेक आईच्या उशाशी बसली. म्हाताऱ्यानं मागच्या दारातून वाकून उशी नीट केली, पायांवरची चादर खोचली, आणि आता आणखी काय करावं ते न सुचून तसाच वाकून राहिला.

आईनं त्याच्याकडे बघितलं.

"टर्न," ती म्हणाली.

आवाज खाली नव्हता. तुटक नव्हता. लांबवलेलाही नव्हता. आठ महिन्यांत तिनं तो शब्द असा एकदाही म्हटला नव्हता.

"काय म्हणते?" लेकीनं विचारलं. वही तिच्या मांडीवर उघडीच होती.

म्हाताऱ्यानं दाराला धरलं. मग म्हणाला, "पाणी मागते."

लेकीनं बाटली उघडली आणि चमचाभर पाणी आईच्या ओठांशी नेलं. आईनं ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं. तिनं म्हाताऱ्यावरची नजर काढली नाही.