माळवद

“आज आपण आपापलं घर करायचं,” असं म्हणून आरतीताईंनी ओल्या काळ्या मातीचा एकेक गोळा सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला.

औशाजवळच्या त्या वृद्धाश्रमाच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत म्हातारी माणसं गोल करून बसली होती. आरतीताई दर गुरुवारी लातूरहून यायच्या. येताना पाला, फुलं, बिया, नदीतले गोटे असलं काहीबाही आणायच्या आणि त्यातून चित्रं करून घ्यायच्या. मातीत हात घातला की मन हलकं होतं, असं त्या सांगत.

“जलम मातीतच गेला की वो ताई,” शेषेराव म्हणाले. “कुटं हलकं झालं?”

सगळे हसले. गुरुलिंगअप्पांनी मान वर केली नाही. एरवी ते असल्या कामाला हात लावत नसत, बाजूला बसून नुसते बघत राहत. आज मात्र त्यांनी गोटे पुढ्यात ओढले होते. थरावर थर चढत होता, मधे मातीचा गारा. दार उगवतीला. दारातून आत आलं की बैलांची जागा, तिच्यापुढं थोडी उंच, माणसांची. प्रत्येक गोटा नेमका बसत होता.

“झ्याक जमलालंय की अप्पा,” शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या. त्या तुरीची फोलपटं खोचून आपल्या घराला कुंपण करत होत्या.

अप्पांनी बियांच्या ताटातला एक चिंचोका उचलून घरात ठेवला. “ही माय.” मग तुरीचा दाणा. “ही घरवाली.” मग हरभरा. “ह्यो विरूपाक्ष. थोरला.” शेवटी जवसाचा एक दाणा बोटाच्या ओल्या टोकाला चिकटवून आणला आणि तुरीला खेटून ठेवला. “ही मल्लम्मा, धाकली. आईच्या कुशीबिगर निजत न्हाई.”

“आन् तुमी कुटं?”

“मी रानात. राखणीला.”

पंचफुलाबाईंचा हात थांबला. अप्पा भूकंपातले आहेत, एवढं आश्रमात सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे ते रानात होते म्हणून वाचले. धावत आले तेव्हा गाव नव्हतं. यापलीकडं त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आरतीताईंना तर तेवढंही माहीत नव्हतं. त्यांचा जन्मच पुढचा.

भिंती झाल्या. अप्पा हात पुसून आत बघत बसले. बघता बघता त्यांचा चेहरा निवत गेला. सगळी जिथल्या तिथं निजली होती. वर उघडं आभाळ होतं आणि लिंबाच्या पानांतून ऊन थेट त्या चौघांच्या अंगावर पडत होतं.

आरतीताई फिरत फिरत त्यांच्या मागं आल्या. “वा अप्पा! किती सुरेख! आता फक्त छत राहिलं. तुमच्याकडं माळवद असायचं ना, लाकडांवर मातीचा जाड थर?”

त्यांनी चार काड्या जुळवल्या, त्यावर माती थापून छत केलं आणि हौसेनं वाकून ते भिंतींवर ठेवलं.

“नगो—” अप्पा म्हणाले.

छत जड होतं. एक भिंत सरकली, गोटे आत ढासळले आणि वरची माती बदकन खाली बसली.

“अरेरे! चुकलंच माझं. आपण परत करू, अप्पा.”

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. ते गुडघ्यांवर आले आणि दोन्ही हातांनी उकरू लागले. गोटे मागं भिरकावत होते, माती ओरबाडत होते. चिंचोका सापडला. धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांनी तो बाजूला ठेवला. हरभरा सापडला. तूर सापडली. तिन्ही ओळीनं मांडले आणि परत ढिगात हात घातले.

“काय शोधताय, अप्पा?”

“एक ऱ्हायलंय.”

“जवस ना? हे बघा, पिशवीभर आहे. दुसरा घ्या.”

अप्पांनी वर पाहिलं. पिशवी पुढं केलेला हात आरतीताईंनी हळूच मागं घेतला.

पंचफुलाबाई आपलं कुंपण तसंच टाकून पुढं सरकल्या आणि चिमटीनं माती विसकटू लागल्या. शेषेराव चष्मा सावरत येऊन टेकले. आरतीताई चिखलातच बसल्या. काळी ओली माती आणि त्यात जवसाचा एक दाणा. अप्पांच्या नखातून रक्त यायला लागलं.

शेषेरावांनी त्यांचा दंड धरला. “ऱ्हाऊ द्या आता, अप्पा. उटा.”

भूकंपानंतर, मल्लम्मा तेवढी सापडायची राहिली होती तेव्हाही असाच कुणीतरी दंड धरला होता, असंच म्हटलं होतं. ढिगारे सपाट करायला यंत्र येऊन उभं राहिलं होतं. आणि अप्पा उठले होते.

“आज न्हाई उटत मी,” अप्पा म्हणाले. त्यांनी दंड सोडवून घेतला. मग एकदम हात वर केला. “गप ऱ्हावा. कुणी बोलू नका.”

सगळे गप झाले. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत अप्पा तसेच थांबले. मग खाली वाकले आणि मातीच्या त्या एवढ्याशा ढिगाला त्यांनी कान लावला.