कोटाच्या आतले टाके

बँडमास्तरांनी पिशवीतून कोट काढून टेबलावर ठेवला आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. कोट जुना होता. गडद निळा, बाह्यांच्या टोकाला विरलेला. पण छाती कशी, आत्ताच कुणीतरी श्वास भरून घेतल्यासारखी! कुठे चूण नाही, फुगा नाही. कॉलर मानेवर अशी वळलेली की हात फिरवावासा वाटावा. थोरल्यानं हात फिरवला नाही. त्यानं कॉलर उलटून आतली पट्टी पाहिली. पट्टीवर वडिलांच्या दुकानाचं नाव होतं. आता त्या दुकानात धाकटा भाऊ बसत होता.

"माझ्या आधीच्या मास्तरांचा आहे," बँडमास्तर कौतुकानं म्हणाले. "जाताना मला देऊन गेले. उन्हात वाजवा, पावसात वाजवा, याला काही होत नाही. अस्तर तेवढं फाटलंय, ते बदला. आणि आमच्या सगळ्या बँडला असेच कोट शिवाल का, तेही सांगा. आधी तुमच्या धाकट्या भावाकडेच गेलो होतो. त्यांनी तो आत-बाहेर नीट पाहिला आणि म्हणाले, 'असा कोट मला जमत नाही. दादाकडे न्या.'"

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला जमत नाही म्हणे! दुकानाची पट्टी लावलेला कोट पाठवायचा आणि वर साळसूदपणे जमत नाही म्हणायचं! हा टोमणा नाही तर काय? "चहा पिऊन या," तो बँडमास्तरांना कसंबसं म्हणाला. "तोवर अस्तर उसवून ठेवतो."

त्याचं स्वतःचं दुकान तसं झकपक होतं. काचेचा दरवाजा, मोठा आरसा, कोपऱ्यात गरम प्रेस. कापडाच्या पाठीला चिकट कापड लावायचं, प्रेसखाली दाबायचं, की छाती तयार. आज माप, उद्या कोट. पहिल्या दिवशी कोट असा दिसे की नवरदेवानं हेवा करावा. दोन धुण्यांनंतर मात्र आतला चिकटा सुटे आणि छातीवर फोड येत. थोरल्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येई ते भांडायला. धाकट्याच्या त्या अंधाऱ्या दुकानात लोक मापं देऊन महिनोन्‌महिने थांबत, आणि वर आपल्या मुलांनाही तिथेच नेत. त्या दुकानावरून जायची वेळ आली की थोरला समोरच्या फुटपाथवर जाई आणि भलतीकडेच बघत चाले. "अहो, एक दिवस मान अवघडेल तुमची," बायको म्हणायची. ती हसायची. त्याला हसू येत नसे.

लहानपणी दोघे वडिलांच्या हाताखाली एकाच बाकावर शिकले. शेजारी बसले की कोपराला कोपर लागे आणि भांडणं होत, म्हणून वडिलांनी थोरल्याला कायमचं भिंतीकडच्या टोकाला बसवलं. कोटाच्या छातीत कॅनव्हास घालायचा आणि तो हातानं, बारीक तिरप्या टाक्यांनी, कापडाला धरून ठेवायचा. बाहेरून एकही टाका दिसता कामा नये. बोटं दुखत, डोळे चुरचुरत. एक दिवस थोरला वैतागून म्हणाला, "बाबा, दिसतच नाहीत तर हे टाके बघतंय कोण?"

"कोट बघतो," वडील म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं वेगळं दुकान थाटलं. वडील शेवटपर्यंत धाकट्याजवळ राहिले. सगळं त्यालाच शिकवून गेले असणार, हे थोरल्याच्या मनातून कधी गेलं नाही.

त्यानं कोट पालथा घातला आणि अस्तराची शिवण उसवायला घेतली. उसवता उसवता एक वाईट विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. आतले चार टाके कापले तर? बाहेरून कुणाला कळणार? नवं अस्तर लावलं की झाकलं जाईल. पुढच्या पावसात छाती लोंबेल, भर मिरवणुकीत लोंबेल, आणि पट्टीवर नाव कुणाचं आहे ते सगळे वाचतील. त्याला फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्यानं अस्तर बाजूला केलं आणि कात्री आत घातली.

आत टाकेच टाके होते. एकसारखे, बारीक, ओळीमागून ओळ. एकाही टाक्यात घाई नव्हती. त्याचा जळफळाट झाला. कात्रीचं टोक त्यानं पहिल्या टाक्याखाली सरकवलं आणि तो थांबला. त्यानं कोट उजेडाकडे नेला. वडिलांचे टाके उजवीकडे झुकायचे. धाकट्याचेही तसेच. उजव्या हातानं शिवणाऱ्या कुणाचेही तसेच झुकतात. हे सगळे टाके डावीकडे झुकले होते.

कात्री त्याच्या डाव्या हातात तशीच राहिली.

बँडमास्तर परत आले तेव्हा प्रेस बंद होता. थोरला खणातल्या बटणांत हात घालून वडिलांनी दिलेलं, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान शोधत होता. टेबलावर कोट उघडा पडला होता.

"कुणी शिवलाय ते कळलं का?" बँडमास्तरांनी विचारलं.

"कळलं."

"मग बाकीचे त्यांच्याकडूनच शिवून घ्या की!"

अंगुस्तान सापडलं. थोरल्यानं ते डाव्या हाताच्या बोटात घालून पाहिलं. ते जेमतेम शिरलं.

"घेतो," तो म्हणाला. "पण त्याचा हात परत बसायला वेळ लागेल. थांबाल?"