पाठीला मानवणारी सायकल

"ही नको. कण्यात सुई घुसतेय," असं म्हणत पोस्टमन पहिल्याच सायकलवरून कण्हत उतरला.

सायकलच्या दुकानाच्या दाराशी त्याची धाकटी बहीण उभी होती. "दादा, सायकल बघतोयस की नवरी? पहिलीतच खोट काढलीस."

"पाठ माझी दुखतेय, तुझी नाही."

आणि दुखायची म्हणजे कशी, तर कित्येक महिने त्याला वाकता येत नव्हतं. नस दबतेय, ऑपरेशन करा, नाहीतर कंबरेखाली बधिर होईल, असं डॉक्टर म्हणत होते आणि हा आज-उद्या करत होता. आता टपाल कचेरीतल्या साहेबांनी सरळच सांगितलं होतं, सोमवारी सायकलवर बसून ये, नाहीतर तुझी फेरी दुसऱ्याला देतो. फेरी गेली की हा घरात माशा मारणार. दुसरं येतंय काय त्याला?

"तुम्हाला वाकायला लावणारी सायकल नकोच," दुकानदार म्हणाला. त्यानं मधला दांडा नसलेली एक काढली, हँडल उंच केलं. पोस्टमन बसला. दुखलं, पण कमी.

"बघा, पडला ना फरक?"

"सकाळपासूनच जरा कमी आहे," पोस्टमन म्हणाला. त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"दादा, चप्पल," बहीण म्हणाली. डावी चप्पल मागे फरशीवर, आणि हा अनवाणी पाय पेडलवर ठेवून खुशाल बसलेला. "एक दिवस डोकंही विसरशील कुठेतरी." तिनं चप्पल आणून त्याच्या पायात सरकवली.

"थांबा, आत एक मऊ गादी आहे," म्हणत दुकानदार आत गेला.

पोस्टमनला कुठला धीर? त्यानं कोपऱ्यातली निळी सायकल ओढली. हँडल पार छातीपर्यंत, सीटवर जुनं फडकं. फडक्यासकट चढून बसला.

आणि काहीच नाही. सुई नाही, कळ नाही. बसलोय की तरंगतोय, तेच कळेना. त्यानं पेडल उलटं फिरवलं आणि हसला. इतक्या महिन्यांनी हसला, बहिणीला तर रडूच फुटलं.

"हीच घ्यायची," तो म्हणाला. "सीट नुसती लोणी आहे."

दुकानदार बाहेर आला आणि जागीच थबकला.

"पोस्टमन, सावकाश उतरा," तो हळूच म्हणाला. "त्या सीटची गादी माझ्या हातात आहे. तुम्ही नुसत्या लोखंडावर बसलायत."